मराठवाड्यातून कोकणची वाट

दिवाळीत सोयाबीनचे पैसे हाती आले की लातूर, परभणी, बीडकडच्या गाड्या कोकणात उतरू लागतात. गणपतीपुळ्याचं दर्शन, तारकर्लीची वाळू आणि धाडस असेल तर मालवणात स्कूबा. आजोबांच्या पिढीचा प्रवास मात्र पंढरपूर, तुळजापूर, पैठण असा यात्रेचा असे. समुद्र त्यात नव्हता.

अंतर होतंच, पण खरी गोष्ट सरहद्दीची. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा, त्यामुळे वाटा हैदराबादला जाणाऱ्या. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे मीटरगेज रेल्वे झाली, तीही त्याच दिशेची. पश्चिमेला जाणारी एक वाट होती, बार्शी लाइट रेल्वेची. हिची नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. पण मिरजेपुढे कोकण गाठायचं तर घाट उतरायचा, आणि नुसतं फिरायला म्हणून एवढा खर्च कोण करणार?

१९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पुढच्याच वर्षी इथली राज्य परिवहन सेवा महामंडळात विलीन झाली. माझ्या मते रेल्वेपेक्षा या लाल गाडीनंच कोकण जवळ आणलं. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, आणि बापाच्या आधी समुद्र पाहिलेली पोरं इकडे गावोगाव सापडतील.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तर २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तिचा आपल्याला थेट उपयोग थोडाच, गाडी बदलणं आलंच. पण तिच्यामुळे मालवण-रत्नागिरीकडे पाहुण्यांची रीघ लागली, घरगुती राहण्याजेवणाची सोय वाढली आणि आपल्या गाड्याही तिकडे वळल्या.

किनाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेला सडा मात्र आपल्याकडच्यांनी फारसा पाहिलेला नाही. जांभ्याचं उघडं पठार, झाड नावाला. माळरानावर वाढलेल्या माणसाला ते परकं वाटू नये; फक्त इथला काळा पाषाण तिथे झिजून तांबडा झालेला. ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर सीतेची आसवं आणि गेंद फुलतात. राजापूरजवळ बारसू, कशेळी, देवाचे गोठणे इथे कातळात कोरलेली प्रचंड चित्रं आहेत, त्यातला कशेळीचा हत्ती तर एका नजरेत मावत नाही. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली.

अडचण वेळापत्रकाची आहे. पावसाळ्यात समुद्रातले खेळ बंद असतात आणि सडा फुलतो तेव्हा आपल्याकडे खुरपणी-फवारणी चालू असते. नोकरदारानं पोळ्याला जोडून दोन दिवस काढले तर जमेल. दिवाळीत जाणाऱ्याला फुलं नाहीत, पण गवत वाळून कातळ उघडा पडतो, तेव्हा चित्रं नीट दिसतात.