पाझर जेवढा, तेवढीच धार

मे महिन्यातलं लग्न, ऊन ४५ अंशांच्या घरात. मंगलाष्टकं लांबत चाललेली आणि नवरीच्या पाठीशी मामा केव्हाचे ताठ उभे. सहाव्या मंगलाष्टकाला त्यांचा चेहरा पांढरा पडला, घाम फुटला आणि ते मांडवातच कोसळले. चौघांनी धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. चूक तिथंच झाली. मामांचं हृदय ठणठणीत होतं, पण त्याच्याकडे पुरेसं रक्तच परत येत नव्हतं.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. मोटर कितीही दमदार असो, उन्हाळ्यात विहिरीला पाझर जेवढा, तेवढीच धार पडते. शांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकतं, आणि मोठ्या माणसाच्या अंगातलं सगळं रक्तही साधारण तेवढंच. गेलेलं रक्त परत आलं, तरच पुढचा ठोका भरतो.

परत आणायचं काम शिरांचं. त्या पातळ आणि सैल असतात, निम्म्याहून जास्त रक्त त्यांच्यातच मावतं. न हलता उभं राहिलं की अर्धा लिटरच्या आसपास रक्त कमरेखाली उतरतं. त्यात उन्हानं कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामानं अंगातलं पाणी घटतं. चालताना मात्र पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात, आणि ते मागं फिरू नये म्हणून शिरांत झडपा असतात, मोटरीच्या फूटवॉलसारख्या.

झडप घरीच बघता येते. कष्टाची सवय असलेला हात खाली सोडा, शिरा फुगतील. मनगटाजवळ एका शिरेवर बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटानं रक्त कोपराकडे सारा. मधला भाग रिकामाच राहतो, वरून भरत नाही. खालचं बोट उचललं की क्षणात भरतो. इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम हार्वी यांनी १६२८ साली छापलेल्या ग्रंथात हाताच्या शिरांवरचा असाच प्रयोग चित्रांसह दाखवला होता.

मात्र एका बाबतीत हृदय मोटरीपेक्षा फार सरस आहे. पाणी वाढलं म्हणून मोटर जास्त जोर लावत नाही, हृदय लावतं. जास्त रक्त आलं की त्याचे स्नायू ताणले जातात, आणि ताणलेला स्नायू अधिक जोरानं आकुंचन पावतो. जर्मनीत ऑटो फ्रँक आणि पुढं इंग्लंडमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी हे दाखवून दिलं. मेंदूच्या हुकमाशिवाय, ठोक्याठोक्याला होणारा हा हिशेब मला शरीरातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

मामांना शेवटी सतरंजीवर आडवं केलं, पाय गादीच्या वळकटीवर ठेवले. पायांतलं रक्त छातीकडे वळलं आणि मिनिटभरात त्यांनी डोळे उघडले. अशा वेळी लवकर शुद्ध आली नाही किंवा छातीत दुखत असेल, तर थेट दवाखाना गाठावा.

याच्या उलटही घडतं. हृदय थकलं की आलेलं रक्त पुढं ढकलणं त्याला जमत नाही, ते मागं तुंबतं. घोटे सुजतात, सुजेवर बोट दाबलं तर खळगा राहतो, रात्री आडवं पडल्यावर दम लागतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे पाय असे दिसले, तर ‘वयानं सुजले असतील’ म्हणून थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.