खरबुजाचं मोल त्याच्या केशरी गरात

मार्च उजाडला की पुण्यात फळांचा विषय म्हणजे हापूस. गुलटेकडीच्या मार्केटयार्डात पेट्या आल्या का, डझनाचा भाव काय, देवगड म्हणून गळ्यात मारलेला आंबा खरंच तिकडचा का. शेजारच्याच हातगाडीवर रचलेलं खरबूज मुकाट्याने विकलं जातं. रमजान उन्हाळ्यात आला तर इफ्तारमुळे तेही जरा भाव खातं, एवढंच. ‘पाणीदार फळ’ ही त्याची ख्याती. ती खोटी नाही, कारण त्यात सुमारे ९० टक्के पाणी असतं. पण पाणी काकडीतही असतं, आणि पाणीकपातीचा गुरुवार सोडला तर नळालाही येतं.

खरबूज घ्यावं ते त्याच्या रंगासाठी. केशरी गर म्हणजे बीटा-कॅरोटिन, ज्यापासून आपलं शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार केशरी खरबुजाच्या १०० ग्रॅम गरात साधारण २,००० मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटिन असतं, हिरवट गराच्या हनीड्यू खरबुजात जेमतेम ३०. वाटीभर म्हणजे २०० ग्रॅम केशरी फोडी खाल्ल्या, तर प्रौढ स्त्रीची ‘अ’ जीवनसत्त्वाची दिवसाची सुमारे ४० टक्के गरज भागते, आणि त्यासाठी पोटात जातात फक्त ७० कॅलरी. केशरी आणि हिरव्या गरातला एवढा मोठा फरक एकाच जनुकामुळे पडतो. त्या जनुकाच्या प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदललं की गर केशरी होतो, नाही तर हिरवा किंवा पांढरा राहतो. सालीवरून हे कळेलच असं नाही. म्हणून गाडीवाल्याला ‘गोड आहे का’ विचारण्यापेक्षा (नाही कोण म्हणेल?) ‘आतून कुठल्या रंगाचं’ हे विचारावं.

गोडीचं गणित वेगळं आहे. कच्च्या आंब्यात आणि केळ्यात स्टार्च साठलेला असतो. अढीत त्याची साखर होते, म्हणून ती फळं घरी गोड होतात. खरबुजात असा साठा जवळजवळ नसतोच. त्याची साखर वेलीच्या पानांतून येते, आणि बरीचशी अगदी शेवटच्या दिवसांत. फळ वेलीवरून तुटलं की ही आवक बंद. नंतर तांदळाच्या डब्यात ठेवलं तर फळातूनच सुटणाऱ्या इथिलीन वायूमुळे ते मऊ पडेल, घमघमेल, पण तोडताना होती त्याहून जास्त गोडी येणार नाही. जाळीदार खरबूज पूर्ण पिकलं की देठापासून आपसूक सुटतं आणि तिथे गोल खळगी राहते. देठाचा तुकडा चिकटलेला दिसला तर ते बहुधा घाईने खुडलेलं असतं. टिचक्या मारून फारसं काही कळत नाही, नाकाशी धरलं तर कळतं.

सालीवरची जाळी दिसते सुंदर. फळ फुगताना सालीला चिरा पडतात आणि बुचासारख्या पेशींनी त्या बुजतात, त्याची ही नक्षी. पण तिच्या खाचांत माती आणि जिवाणू अडकतात, आणि सुरी फिरली की आत जातात. खरबुजाचा गर आंबट नसल्याने तिथे जिवाणूंना मोकळं रान मिळतं. २०११ मध्ये अमेरिकेत लिस्टेरिया जिवाणूंनी दूषित झालेल्या खरबुजांमुळे ३३ माणसं दगावली. म्हणून कापण्याआधी वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासायचं आणि कापलेलं लगेच फ्रिजमध्ये ठेवायचं. रस्त्यावरच्या उघड्या, कापून ठेवलेल्या फोडी मी तरी घेत नाही.

मधुमेह असेल तर वाटीभर फोडींत १६ ग्रॅमच्या आसपास साखर असते हे हिशेबात धरावं. पोटॅशियमही बरंच असतं, तेव्हा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून खावं.

घरातली जुनी माणसं खरबूज आणि दूध एकत्र करू देत नाहीत. त्या मिश्रणाने विष होत नाही, पण चव मात्र बिघडते. खरबुजात कुकुमिसिन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं. ते दुधातल्या केसिन या प्रथिनाचे तुकडे करतं, आणि त्यांतले काही तुकडे कडू असतात. मिल्कशेक करायचाच असेल तर केल्या केल्या संपवावा, संध्याकाळसाठी झाकून ठेवू नये.

कॅरोटिन स्निग्ध पदार्थांबरोबर नीट शोषलं जातं, तेव्हा उपाशीपोटी नुसत्या फोडी खाण्यापेक्षा जेवणासोबत खाल्लेल्या बऱ्या. आणि इतकं पारखूनही एखादं फिकं निघतंच. त्यावर साखर भुरभुरवू नये. खरबूज काकडीच्याच कुळातलं, त्यामुळे त्याची कोशिंबीर छान होते. बारीक फोडी, दाण्याचं कूट, लिंबू, मीठ, हिरवी मिरची आणि वरून तेलाची जिऱ्याची फोडणी. कॅरोटिनला लागणारं तेल त्यात आलंच. कोशिंबीर आयत्या वेळी कालवावी, नाही तर पाणी सुटतं.