दुधाचे पातेले आणि बाळाचे यकृत

यकृत निकामी झालेल्या बाळाला आईच्या किंवा वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवण्याची शस्त्रक्रिया आज पुण्यात होते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी असे बाळ रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात आले, तर आईबापांना धीर देण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नसे. त्यातल्या बऱ्याच मुलांच्या आजाराचे नाव असे 'इंडियन चाइल्डहूड सिरोसिस' (सिरोसिस म्हणजे यकृत आतून कठीण होऊन निकामी होत जाणे). हा आजार आता जवळपास दिसत नाही. तो हटला स्वयंपाकघरातल्या एका बदलामुळे, आणि त्यामागच्या संशोधनात पुण्याचा वाटा फार मोठा आहे.

या आजाराचे पहिले वर्णन 1887 मध्ये कलकत्त्यात झाले. सहा महिने ते चार-पाच वर्षांचे मूल किरकिरे होई, खाईनासे होई, पोट पुढे येई. पोटावर हात ठेवला की दगडासारखे टणक यकृत लागे आणि त्याची कडा पानासारखी धारदार जाणवे. मग कावीळ, पोटात पाणी आणि बहुतेकदा काही महिन्यांत शेवट. एकाच घरात पाठोपाठची भावंडे अशी गेली की घराण्यातच काही दोष असावा, असे घरच्यांनाच काय, डॉक्टरांनाही वाटे.

खरा माग लागला तो बायोप्सीने. सुईने काढलेल्या यकृताच्या बारीक तुकड्याला 'ऑर्सीन' नावाचा रंग दिला की पेशींमध्ये गडद कण दिसत. 1978 मध्ये हे नोंदले गेले. पुढच्याच वर्षी यकृताच्या आजारांचे अभ्यासक हान्स पॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की पेशींमध्ये साठलेले ते द्रव्य म्हणजे तांबे. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात तांबे साधारण 50 मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांमध्ये ते कित्येकदा हजाराच्या घरात जाई.

एवढेसे बाळ, त्याच्या पोटात एवढे तांबे आले कुठून? केईएममधले बालरोगतज्ज्ञ आनंद पंडित आणि शीला भावे, आणि त्यांच्याबरोबर ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर, यांनी उत्तर रुग्णालयाबाहेर शोधले. बाळाला वरचे दूध कधी सुरू केले, ते कशात तापवले, कशात ठेवले, हे त्यांनी आयांना विचारले. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात दूध तापवून तसेच ठेवले की दुधातले केसीन हे प्रथिन तांबे धरून ठेवते. 1983 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हे मांडले. 1987 मध्ये आजारी मुले आणि त्यांच्याच वयाची इतर मुले यांची तुलना आली: आजारी मुलांना वरचे दूध लवकर सुरू झाले होते, तेही पितळी भांड्यातले.

इथे कल्हईवाल्याची आठवण काढलीच पाहिजे. नवसागराचा तो धूर, तापल्या भांड्यात बोळ्याने फिरवलेले कथील! कथिलाचा तो पातळ थर दूध आणि पितळ यांच्यामध्ये उभा असे. तो झिजला आणि पुन्हा दिला गेला नाही, की धोका सुरू. आपल्याकडे या कारागिराला आरोग्याच्या इतिहासात कुणी जागा दिली नाही, ती द्यायला हवी असे मला मनापासून वाटते.

औषधही सापडले होते. शरीरातले तांबे लघवीवाटे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन पुण्यात या मुलांना देऊन पाहिले गेले. आजार लवकर ओळखला तर काही मुले वाचली. उशीर झाला तर उपयोग होत नसे. शस्त्रक्रियेचा मार्ग तेव्हा आपल्याकडे नव्हताच. शल्यविशारद थॉमस स्टार्झल यांनी अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न 1963 मध्ये केला, पण भारतात त्यासाठीचा कायदा 1994 मध्ये झाला आणि पहिले यशस्वी प्रत्यारोपण 1998 मध्ये. तोवर घरोघरी स्टील आले होते, डॉक्टर आयांना भांड्यांबद्दल सांगत होते आणि वॉर्डातली ही मुले कमी होत गेली होती.

पितळी भांडी वापरणाऱ्या घरांतली सगळी मुले आजारी पडत नसत, म्हणून आनुवंशिकतेचाही काही भाग असावा, असे मानले जाते. मात्र हा केवळ भारताचा आजार नव्हता. ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्ये 1900 ते 1974 या काळात 138 मुले अशाच सिरोसिसने गेल्याचे 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. तिथेही गाईचे दूध, आणि तेही तांब्या-पितळेच्या भांड्यातले.

कसबा पेठेतल्या तांबट आळीची भांडी पुन्हा हौसेने घरात येत आहेत, याचा आनंदच आहे. पण घरात तान्हे बाळ असेल तर पातेले आतून पांढरे आहे की पिवळे, तेवढे बघून घ्या.