मूल डोकं का आपटतं, हे तपासायचं कसं?

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेली काही मुलं भिंतीवर डोकं आपटतात, स्वतःच्या हाताला चावतात, गालांवर थपडा मारून घेतात. अशा वेळी कुणी धावत जाऊन जवळ घेतं, कुणी रागावतं, कुणी पुढ्यातली वही बाजूला सारतं. १९७० च्या दशकात बक्षीस, शिक्षा, कोपऱ्यात बसवणं असे उपाय करून पाहिले जात. एका मुलाला लागू पडलेला उपाय दुसऱ्यावर फसायचा, आणि का फसला ते सांगता यायचं नाही. हे वर्तन मुलाला काय मिळवून देतं, हा प्रश्न १९७७ मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड कार यांनी एका आढाव्यात नीट मांडला. लोकांचं लक्ष मिळतं, नको असलेलं काम टळतं, की त्या क्रियेतूनच शरीराला काही संवेदना मिळते?

या शक्यता प्रयोगाने पडताळून पाहण्याचं काम ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोरच्या जॉन एफ. केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये केलं आणि ते १९८२ मध्ये छापलं. नऊ जणांना त्यांनी १५-१५ मिनिटांच्या सत्रांत चार वेगवेगळ्या परिस्थितींत आळीपाळीने ठेवलं. पहिल्या परिस्थितीत मोठं माणूस वाचत बसतं. मुलाने स्वतःला मारलं की 'असं करू नकोस, लागेल ना' म्हणत हलकेच हात लावतं, एरवी बघतही नाही. दुसरीत अभ्यासाचं काम दिलं जातं: आधी तोंडी सांगायचं, मग करून दाखवायचं, मग हात धरून करून घ्यायचं. मुलाने मारून घेतलं की काम थांबवून ३० सेकंद पाठ फिरवायची. तिसरीत मूल एकटं असतं, जवळ खेळणी नसतात. चौथीत खेळणी असतात, कौतुक होतं आणि कसलीच मागणी नसते. बाकी परिस्थितींची तुलना हिच्याशी करायची. नऊपैकी सहा जणांमध्ये एका ठरावीक परिस्थितीत मारून घेण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त निघालं. हे सगळं डॉक्टरी तपासणी करून, आणि किती इजा झाली की सत्र थांबवायचं हे आधीच ठरवून केलं होतं. आजही त्याशिवाय ही चाचणी कुणी करू नये.

कोणती परिस्थिती कारणीभूत आहे यावर उपाय ठरतो, म्हणून या निकालाचं मोल. काम टाळायला डोकं आपटणाऱ्या मुलाला 'टाईमआउट' म्हणून बाजूला बसवलं, तर त्याला हवं तेच मिळतं आणि आपटणं वाढतं. लक्ष वेधण्यासाठी आपटणाऱ्या मुलाचं मात्र त्याच उपायाने कमी होऊ शकतं. १९९४ मध्ये इवाटा यांच्या गटाने १५२ जणांची विश्लेषणं एकत्र मांडली: सुमारे ३८ टक्के जणांत काम किंवा अप्रिय प्रसंग टाळणं हे कारण निघालं, २६ टक्क्यांत लक्ष किंवा वस्तू मिळवणं, आणि जवळपास तितक्याच जणांत त्या क्रियेतून मिळणारी संवेदनाच. म्हणजे सरसकट टाईमआउट देणारं केंद्र मोठ्या गटाचं नुकसान करत असण्याची शक्यता आहे.

केंद्रांत आणि शाळांत सगळ्यात जास्त वापरतात ती पद्धत निराळी आहे: वर्तनाआधी काय झालं, वर्तन काय होतं, नंतर काय झालं, याची तीन रकान्यांची नोंद. ही नोंद करणं सोपं, पण तिच्यात एक खोट आहे. मुलाने डोकं आपटलं की मोठी माणसं धावतातच, मग कारण काहीही असो. त्यामुळे 'नंतर काय झालं' या रकान्यात लक्ष मिळाल्याची नोंद सारखी दिसते, आणि काम टाळणारं मूलही लक्ष मागणारं वाटतं. नुसत्या निरीक्षणाने कारण हाती येत नाही. परिस्थिती जाणूनबुजून बदलून वर्तन बदलतं का, हे पाहावं लागतं. मोजमापही एकट्याच्या डोळ्यांवर सोडायचं नसतं. दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे १०-१० सेकंदांच्या टप्प्यांत नोंद करायची, किती टप्प्यांत नोंदी जुळल्या त्याची टक्केवारी काढायची. ८० टक्क्यांच्या खाली आली तर आधी वर्तनाची व्याख्या दुरुस्त करायची. 'चिडतो' याऐवजी 'डोक्याचा कठीण पृष्ठभागावर आवाज होईल असा आघात' असं लिहायचं.

कारण सापडल्यावर तेच फळ मिळवण्याचा दुसरा मार्ग शिकवायचा. कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये दाखवलं की मुलांना मदत किंवा लक्ष शब्दांत मागायला शिकवलं, तर त्रासदायक वर्तन कमी होतं. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी खूण किंवा चित्राचं कार्ड चालतं. पण प्रत्यक्षात एक अडचण लगेच उभी राहते. विश्रांतीचं कार्ड हाती लागलेलं मूल ते दर मिनिटाला पुढे करतं. आई स्वयंपाकात आहे, शिक्षक दुसऱ्या मुलापाशी आहे. दर वेळी दिलं जात नाही. मग कार्ड निरुपयोगी ठरतं आणि डोकं आपटणं परत येतं. नव्या वर्तनाला काहीच मिळेनासं झालं की जुनं वर्तन उफाळून येतं, हे कबुतरांवरच्या प्रयोगांतही दिसलं आहे.

याचा तोडगाही प्रयोगशाळेतच होता. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये नोंदवलं होतं की एका रंगाच्या दिव्यात टोचलं तर दाणे मिळतात आणि दुसऱ्यात नाही, असा नियम असेल तर कबुतर तो शिकतं. २००१ मध्ये हॅनली, इवाटा आणि थॉम्पसन यांनी हेच बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या मागण्यांना लावलं. एक कार्ड दिसत असताना मागितलं की लगेच मिळतं, दुसरं दिसत असताना मिळत नाही. सुरुवातीला 'मिळण्या'चा काळ ४५ सेकंद, 'न मिळण्या'चा १५. मग हळूहळू 'न मिळण्या'चा काळ वाढवत 'मिळण्या'चं १ मिनिट आणि 'न मिळण्या'ची ४ मिनिटं इथपर्यंत जायचं. घाई केली तर जुनं वर्तन परत येतं. तेव्हा एक पायरी मागे यायचं, आकडे स्थिरावले की पुन्हा पुढे जायचं. प्रयोगशाळेचं काम प्रत्यक्षात इतक्या थेट कामी आल्याची उदाहरणं मला तरी फार ठाऊक नाहीत.

तरीही प्रत्यक्ष काम करणाऱ्या वर्तन-विश्लेषकांच्या २०१५ सालच्या एका अमेरिकन सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक जणांनी सांगितलं की परिस्थिती बदलून कारण शोधण्याचं हे विश्लेषण ते कधीच किंवा जवळजवळ कधीच करत नाहीत. वेळ नाही, जागा नाही, धोका वाटतो, ही कारणं खरी आहेत, आणि संशोधकांनी ती गांभीर्याने घेतली हे चांगलं झालं. आता वर्गातच, रोजच्या कामात करता येतील अशा छोट्या चाचण्या आहेत: दोन मिनिटं शिक्षक सतत लक्ष देतो, पुढची दोन मिनिटं तोंड फिरवून बसतो, वर्तन एकदा झालं की लक्ष द्यायचं आणि चाचणी तिथेच संपवायची. वर्तन फार धोक्याचं असेल तर किती वेळा झालं ते न मोजता पहिल्यांदा व्हायला किती सेकंद लागले तेवढंच मोजायचं. अभ्यास पुढ्यात ठेवल्यावर २० सेकंदांत आणि खेळताना पाच मिनिटांतही नाही, असं चार-पाच वेळा दिसलं, तर उपचाराची सुरुवात अभ्यासाच्या मागणीपासून करायची.