दोष प्रत्येक वेळी रुग्णाचा नसतो

बुरशीच्या संसर्गावरील औषध लागू पडेनासे झाले की रुग्णाने गोळ्या मध्येच सोडल्या असणार, असे सर्रास धरले जाते. औषधे अनियमित घेणे घातक आहेच. तरीही हा समज अपुरा आहे, आणि ज्याने ते औषध पूर्वी कधी घेतलेलेच नाही अशा रुग्णावर तो उघड अन्याय करतो.

अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी कुजणाऱ्या पालापाचोळ्यात वाढते. कंपोस्टचा ढीग उलटला की उडणाऱ्या धुरळ्यात तिचे जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचे बीजाणू असतात आणि ते श्वासावाटे थेट फुप्फुसात उतरतात. पिकांवर फवारली जाणारी अ‍ॅझोल गटातील बुरशीनाशके आणि रुग्णांना दिले जाणारे व्होरिकोनॅझोल ही दोन्ही बुरशीच्या एकाच एन्झाइमवर घाव घालतात. त्यामुळे फवारणीतून तगलेली बुरशी रुग्णालयातील औषधालाही बऱ्याचदा दाद देत नाही.

नेदरलँड्समधील संशोधक पॉल फेरवाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अशा प्रतिरोधी बुरशीच्या रुग्णांकडे लक्ष वेधले. या बुरशीत ते एन्झाइम घडवणाऱ्या जनुकाच्या आरंभी डीएनएच्या ३४ अक्षरांचा तुकडा दोनदा येतो, म्हणून एन्झाइम अधिक प्रमाणात तयार होते. शिवाय त्याच्या ९८व्या स्थानावर ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी (प्रथिनाच्या घटकाऐवजी) हिस्टिडिन हे दुसरे अमिनो आम्ल बसते, म्हणून औषध तेथे नीट चिकटत नाही. नेमका हाच जोडबदल पुढे माती व कंपोस्टच्या नमुन्यांतही सापडला.