सीट हलतेय? आधी खालचा पत्रा बघा

ब्रेक मारला की सीट जराशी पुढे जाते, गाडी उचलली की मागे येते आणि मधेच खालून 'कट्' असा आवाज येतो, ही तक्रार घेऊन बरेच जण आमच्या गॅरेजमध्ये येतात आणि बहुतेकांना वाटतं की सीट ज्यावर पुढे-मागे सरकते ती रेल झिजली असेल. कधी कधी तसं असतंही. पण गाडी जुनी असेल तर सीट ज्या नटात आवळलेली असते तो नटच पत्र्यासकट सुटायला आलेला असू शकतो.

हे घरच्या घरी बघता येतं. एका हाताने सीटची पाठ वरून धरून जोरात पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्या हाताचं बोट सीटचा पाय आणि फ्लोअर मिळतात तिथे ठेवा. पाय घट्ट आहे आणि फक्त वरची सीट हलतेय, तर रेल. बोटाखाली पायाबरोबर पत्राही वर-खाली होतोय किंवा बोल्टच्या भोवती रंगाला केसासारखी चीर दिसतेय, तर माउंट, म्हणजे सीट फ्लोअरला आवळलेली असते ती जागा, गेलाय, आणि मग ती सीट वापरू नका, ड्रायव्हरची असेल तर गाडी टो करूनच आणा.

फ्लोअरचा पत्रा साधारण १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळच असतो, त्यावर सीट टिकणार नाही म्हणून तिथे जाड पत्र्याचा आडवा क्रॉस मेंबर स्पॉट वेल्डने बसवलेला असतो आणि त्याच्या आत नट वेल्ड केलेला असतो, आपल्याला वरून फक्त बोल्ट दिसतो. तुटायचं एक कारण म्हणजे वर्षानुवर्षं चढता-उतरता एकाच कोपऱ्यावर पडणारा भार, त्याने वेल्डच्या कडेपासून पत्र्याला तडा जायला लागतो. दुसरं आणि जास्त वाईट कारण गंज. हा गंज बरेचदा खालून नाही, वरून, म्हणजे गाडीच्या आतून येतो! काचेचं रबर, दरवाज्याचं रबर, सनरूफची नळी, एसीचा तुंबलेला ड्रेन पाइप, कुठून तरी पाणी आत येतं आणि कार्पेटखालच्या फोममध्ये बसून राहतं, कार्पेटला हात लावला तर कोरडं लागतं पण फोम पिळला की पाणी निघतं. हाताला चिकट लागलं आणि गोडसर वास आला तर ते पावसाचं पाणी नाही, हीटरमधून गळलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी आहे. हे पाणी कुठून येतंय ते सापडल्याशिवाय आम्ही वेल्डिंगला हात लावत नाही, कारण नाहीतर नवा पत्राही तसाच सडणार.

"चालतंय तोवर चालवू" असं कृपा करून म्हणू नका. ५० च्या स्पीडने जाणारी गाडी धडकून ६० सेंटिमीटरमध्ये थांबली तर ७० किलोच्या माणसाला थांबवायला साधारण ११०० किलोचा जोर लागतो, आणि बऱ्याच गाड्यांत सीट बेल्टचं बकल सीटलाच लावलेलं असतं, म्हणजे त्यातला मोठा वाटा याच बोल्टवर येतो. सीट बेल्ट जिथे अडकवलेला असतो त्या जागांची ताकद तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १४ च्या चाचणीत कारच्या तीन पॉइंटवाल्या बेल्टचा खांद्यावरचा आणि कमरेचा पट्टा दोन्ही एकाच वेळी प्रत्येकी सुमारे १३५० किलोच्या जोराने ओढतात, आणि बेल्ट सीटवर असेल तर वर सीटच्या वजनाच्या २० पट जोर वेगळा. सडलेला पत्रा त्यापुढे टिकत नाही.

म्हणून खालून मोठा वॉशर आणि नट लावून देणं, एपॉक्सीने भोक भरणं, गंजावरच वेल्डिंगचे टाके मारणं, असली कामं आम्ही करत नाही, कुणी आग्रह केला तरी नाही. वॉशर सडक्या पत्र्यातून ओढून निघतो, गंजावर टाका धरत नाही.

आम्ही सुरुवातीला बॅटरी काढतो आणि थोडं थांबतो, कारण सीटखाली एअरबॅगचा कनेक्टर असू शकतो (तो तुम्ही काढू नका, आणि सीट बाहेर असताना चावीही फिरवू नका). मग सीट, कार्पेट, फोम बाहेर, आणि फ्लोअरखालून जाणारे पेट्रोलचे आणि ब्रेकचे पाइप, वायरिंग कुठे आहे ते बघून ते बाजूला घेतो. सडलेला भाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापतो, हे भोक नेहमी वरून दिसणाऱ्या गंजापेक्षा बरंच मोठं होतं, ते बघून घाबरू नका. नुसता तडा असेल तर त्याच्या टोकाला बारीक भोक पाडतो, मग तो पुढे पळत नाही, आणि तडा भरून घेतो. मग मूळ जाडीचा पत्रा आणि नटाखाली जाड प्लेट, जी क्रॉस मेंबरपर्यंत पोचते, म्हणजे भार पातळ पत्र्यावर न राहता मजबूत भागात जातो. वेल्डिंग मिगने (वायर आणि गॅसवर चालणारं मशीन), थोडं थोडं, जागा बदलत, नाहीतर पातळ पत्रा वाकडा होतो. क्रॉस मेंबर हाय स्ट्रेंथ स्टीलचा असेल तर तो जास्त तापवला की कमजोर होतो, तिथे कंपनीच्या रिपेअर मॅन्युअलप्रमाणेच जातो. बोल्ट नवे, त्याच ग्रेडचे, आणि टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने, आवळतो.

सगळं झाल्यावर प्रायमर, सांध्यांना सीलर, आतल्या पोकळीत वॅक्स, खालून अंडरकोटिंग. हे नीट वाळल्याशिवाय कार्पेट परत टाकत नाही म्हणून वेल्डिंग झाल्यावरही गाडी आमच्याकडे राहते, फोन करून घाई करू नका. कापलेल्या भागाचे आणि नव्या वेल्डचे फोटो कार्पेट टाकायच्या आधी तुम्हाला पाठवतो, प्रत्यक्ष येऊन बघायचं असेल तर तेव्हाच या, नंतर ते काही दिसत नाही.