युद्धकालीन किंमत नियंत्रण

युद्धकाळात सरकारने वस्तूंच्या कमाल किंमती कायद्याने ठरवणे आणि त्याहून जास्त घेणे हा गुन्हा ठरवणे, याला युद्धकालीन किंमत नियंत्रण म्हणतात. बहुधा मजुरी आणि घरभाडेही त्यात येते. दर बांधणे हा या व्यवस्थेचा फक्त दिसणारा भाग आहे. शिधावाटप, कच्च्या मालाची वाटणी, जादा कर आणि लोकांची बचत यांच्या आधाराशिवाय नुसते दर बांधले की माल दुकानातून नाहीसा होतो. फ्रान्समध्ये सप्टेंबर १७९३ मध्ये कमाल दराचा कायदा झाला, पण कागदी चलन छापणे थांबले नाही. कठोर शिक्षा असूनही धान्य दडवले गेले आणि डिसेंबर १७९४ मध्ये कायदा रद्द करावा लागला.

युद्धात भाव चढतात त्याचे मूळ सरकारच्या खर्चात असते. तोफा आणि विमाने बनवणाऱ्या कामगाराला पूर्ण मजुरी मिळते, पण त्याने बनवलेला माल बाजारात विकायला येत नाही. हातात पैसा वाढतो आणि घेण्याजोग्या वस्तू घटतात. खर्च करातून किंवा लोकांच्या बचतीतून भागला तर हा जादा पैसा परत खेचला जातो. मध्यवर्ती बँकेने सरकारचे कर्जरोखे विकत घेतले तर नवा पैसा तयार होतो. अमेरिकेत १९४२ पासून फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने अल्पमुदतीच्या सरकारी कर्जपत्रांचा व्याजदर ०.३७५ टक्क्यावर आणि दीर्घ मुदतीच्या रोख्यांचा २.५ टक्क्यांवर धरून ठेवला. त्या व्याजदरांना इतरांनी न घेतलेले रोखे तिला घ्यावेच लागत. हे बंधन मार्च १९५१ मध्ये सुटले. ब्रिटनमध्ये अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९४० मध्ये सुचवले होते, की मजुरीचा काही भाग युद्ध संपेपर्यंत सक्तीची ठेव म्हणून अडकवावा. १९४१ च्या अर्थसंकल्पात या कल्पनेचा थोडाच भाग उतरला: प्राप्तिकराचा मूळ दर ५० टक्के झाला आणि वाढीव कराचा काही हिस्सा युद्धानंतर परत द्यायचे ठरले.

दर बांधण्याची सर्वात सोपी रीत म्हणजे मागची एखादी तारीख धरून सगळे गोठवणे. कॅनडाने १ डिसेंबर १९४१ पासून असे सर्वंकष गोठवण केले. अमेरिकेच्या किंमत प्रशासन कार्यालयाने २८ एप्रिल १९४२ च्या आदेशाने ‘मार्च १९४२ मध्ये त्या विक्रेत्याने घेतलेली सर्वाधिक किंमत’ ही मर्यादा ठरवली. रीत झटपट अंमलात येते, पण तिच्यातली खोट किरकोळ दुकानदाराला लगेच जाणवते. त्याची मार्चची किंमत जुन्या, स्वस्त खरेदीवर आधारलेली होती. ठोक भाव मात्र तोवर वर गेलेले होते. मधल्या फरकात त्याचा नफा चिरडला गेला. शिवाय एकाच रस्त्यावरच्या दोन दुकानांची मर्यादा वेगळी, त्यामुळे गिऱ्हाइकाला फसवणूक ओळखता येईना. मार्चमध्ये नसलेल्या नव्या वस्तूचे काय करायचे, याचे उत्तर दर वेळी अधिकाऱ्याला शोधावे लागे. बराच शेतमाल कायद्यानेच मोकळा ठेवला होता, त्यामुळे अन्नाचे भाव चढत राहिले. एप्रिल १९४३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘रेषा धरून ठेवा’ असा आदेश काढला आणि त्यानंतर गावागावांत छापील, डॉलर-सेंटमध्ये लिहिलेले दर लावले गेले. दर छापून भिंतीवर लागला की तपासणीचे निम्मे काम गिऱ्हाईकच करतो. गोठवणीच्या आदेशाला जमले नाही ते या साध्या तक्त्याने बरेच साधले.

दुसरी खोट अधिक चिवट आहे. किंमत बांधता येते, वस्तू बांधता येत नाही. कापड विरळ होते, मांसावर चरबी जास्त ठेवली जाते, टंचाईच्या मालासोबत नको असलेला माल गळ्यात मारला जातो. म्हणून दरासोबत वस्तूची व्याख्याही करावी लागते. ब्रिटनची ‘युटिलिटी’ योजना याचे उत्तम उदाहरण. कापड, बूट आणि पुढे फर्निचर यांचे ठरावीक नमुने सरकारने आखून दिले आणि त्या नमुन्यांनाच दर लावले.

टंचाईचा माल वाटायचा कसा, हा पुढचा प्रश्न. साखर, लोणी यांसारख्या सर्वांना लागणाऱ्या वस्तूंसाठी माणशी ठरावीक कोटा चालतो. ब्रिटनमध्ये तो ८ जानेवारी १९४० रोजी सुरू झाला. डबाबंद पदार्थांसारख्या शेकडो पर्यायी वस्तूंना मात्र गुणपद्धत लागते: प्रत्येकाला ठरावीक गुण, प्रत्येक वस्तूला गुणांची किंमत, आणि साठा घटला की गुण वाढवायचे. पैशातील किंमत स्थिर ठेवून गुणांची किंमत हलवता येते. कधी शिधा एका वस्तूचा आणि हेतू दुसऱ्याच वस्तूचा असतो. अमेरिकेत १९४२ च्या अखेरीस देशभर पेट्रोलवर रेशन आले ते मुख्यतः टायर झिजू नयेत म्हणून, कारण रबराचा पुरवठा जपानने तोडला होता.

ब्रिटनने खाद्यपदार्थांवर अनुदान देऊन राहणीमान खर्चाचा निर्देशांकही, म्हणजे नेहमीच्या वस्तूंच्या ठरावीक टोपलीचा खर्च दाखवणारा आकडाही, धरून ठेवला. हा निर्देशांक पहिल्या महायुद्धापूर्वीच्या टोपलीवर बेतलेला होता, त्यामुळे त्यातील मोजक्या वस्तू स्वस्त ठेवल्या की आकडा हलत नसे.

अंमलबजावणीची ताकद नसेल तर नियंत्रण उलटते. बंगालमध्ये तांदळाचे दर बांधले गेले, पण सरकारच्या हाती ना पुरेसा साठा होता, ना शिधावाटपाची यंत्रणा. मार्च १९४३ मध्ये दर मोकळे सोडताच भाव भडकले, आणि त्याच वर्षीच्या दुष्काळात लाखो माणसे मेली.

नियंत्रण उठवणे हे लावण्याइतकेच अवघड. लोकांकडे साठलेला पैसा तसाच असतो. त्याला दडपलेली चलनवाढ म्हणतात. अमेरिकेत ३० जून १९४६ ला किंमत नियंत्रण कायद्याची मुदत संपली, आणि तो वर्षाच्या मध्यात पुन्हा लागू होऊनही डिसेंबरपर्यंतच्या बारा महिन्यांत ग्राहक किंमती सुमारे १८ टक्के वाढल्या. पश्चिम जर्मनीत उलट क्रम लागला: २० जून १९४८ रोजी चलन बदलून साठलेला पैसा आधी कापला आणि पाठोपाठ बहुतेक दर मोकळे केले. रिकामी दुकाने काही दिवसांत भरली, कारण दडवलेला माल विकण्यात आता अर्थ होता.

युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर जर्मनीने २०२३ मध्ये गॅसदरासाठी वेगळी आखणी केली. घरगुती ग्राहकाच्या आधीच्या अंदाजित वापराच्या ८० टक्क्यांसाठी किलोवॉट-तासाला १२ युरो-सेंट दर, त्यावरचा वापर करारातील पूर्ण दराने. सूट जुन्या वापरावर मोजल्याने वाचवलेल्या प्रत्येक युनिटची पूर्ण किंमत खिशात राहते. चढ्या दरातून मिळणारा टंचाईचा इशारा पुसला जात नाही. त्याची खोट दुसरीकडे निघते. करारदर आणि १२ सेंट यांतला फरक सरकार देणार असेल तर पुरवठादाराला करारदर उगाच चढवण्याचा मोह होतो. म्हणून कायद्यात गैरवापराला मनाई घालून दरवाढीचे कारण सिद्ध करण्याची जबाबदारी पुरवठादारावर टाकावी लागली.